पकड की चूक? शालेय कबड्डीत पंच म्हणून उभं राहताना



पावसाळा सुरू झाला की शाळाशाळांत तालुका स्पर्धांची पत्रं येतात. शिर्डी-राहाता परिसरातल्या आपल्यासारख्या शाळांत एक गोष्ट ठरलेली असते : संघ घेऊन गेलेल्या सरांनाच किंवा मॅडमनाच ऐनवेळी सांगितलं जातं, "सर, पुढच्या दोन सामन्यांना पंच म्हणून उभे राहता का?" आपण नाही म्हणत नाही. शिट्टी गळ्यात पडते आणि पाच मिनिटांत कळतं की स्पर्श, बोनस, रेषा हे सगळं जमेल, पण पकडीचा निर्णय देताना घाम फुटतो. आजचा लेख फक्त त्यावर आहे.

मागच्या महिन्यात एका पालकांनी मला विचारलं, "सर, फुटबॉलमध्ये नुसता शर्ट धरला तरी शिट्टी वाजते. आणि तुमच्या कबड्डीत पोरगं चौघांनी दाबलं तरी त्यांनाच गुण?" प्रश्न चांगला होता. फुटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याला धरणं हाच गुन्हा आहे. अंगाला किंवा कपड्याला धरून त्याची हालचाल अडवली, की थेट फ्री किक मिळते. धरण्याची सुरुवात पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर झाली आणि ते आतपर्यंत चालूच राहिलं, तर पेनल्टी मिळते. अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमण करणाऱ्या संघाच्या खेळाडूने समोरच्याला बेकायदा धरलं तर संघाला दहा यार्ड मागे जावं लागतं. तिथल्या पंचाला विचारायचं असतं, 'धरलं का?' कबड्डीत धरणं हाच खेळ आहे. म्हणून आपल्याला विचारावं लागतं, 'कुठे धरलं, कसं धरलं आणि कुठवर धरून ठेवलं?' हा प्रश्न कितीतरी अवघड आहे.

आधी नियम काय म्हणतो ते बघू. खेळाडूला फक्त हातापायांना किंवा धडाला धरता येतं. मनगट, दंड, मांडी, गुडघा, घोटा, कंबर, छाती, पाठ, हे सगळं चालतं. मान, डोकं, केस, कपडे हे चालत नाही. चढाईपटूला मुद्दाम यांपैकी कशाला धरून अडवलं, तर तो बाद नाही. दुसरी गोष्ट दमाची. त्याचा दम बंद पाडण्यासाठी तोंड दाबलं, गळा दाबला, तर तो बाद नाही. तिसरी म्हणजे दोन पायांत अडकवून घातलेली कैची आणि दुखापत होईल अशी हिंसक पकड. तिथेही चढाईपटू बाद नाही. चौथी, त्याला मुद्दाम मैदानाबाहेर ढकललं तर तो बाद नाही. आणि हे उलटंही लागू होतं : चढाईपटूने बचाव करणाऱ्याला ओढून किंवा ढकलून बाहेर काढलं, तर तो बचावपटू बाद होत नाही. ही उलटी बाजू आपण फार विसरतो, कारण आपलं सगळं लक्ष चढाईवाल्याकडे असतं.

वाचायला सोपं आहे. मैदानावर मात्र हे सगळं दोन-तीन सेकंदांत, सहा-सात पोरांच्या गुंत्यात घडतं.

आता माझी एक चूक सांगतो. बरीच वर्षं झाली. मुलींचा सामना होता, तालुक्याचा अंतिम. दोन्हीकडे सारखे गुण, शेवटची काही सेकंदं. चढाईवाली मुलगी मध्यरेषेपासून हातभर लांब असताना दोन मुलींनी साखळी करून तिला घेतलं, तिसरी मागून आली. मी साखळीतल्या हातांकडे बघत होतो. हात व्यवस्थित होते, कमरेला आणि दंडाला. दम थांबला. मी शिट्टी मारून बाद दिलं. मुलगी उठली तेव्हा तिचा हात गळ्यावर होता आणि तिला बोलता येत नव्हतं. तिच्या संघाचे सर आत आले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "सर, तिचा दम गेला, का घेतला गेला?"

मागून आलेल्या तिसऱ्या मुलीचं कोपर कुठे होतं ते मी पाहिलंच नव्हतं. पलीकडच्या पंचांनी पाहिलं असावं, पण मी त्यांच्याकडे न बघताच हात वर केला होता. निर्णय तसाच राहिला. तो संघ जिल्ह्याला गेला नाही. दहावीच्या मुलीसाठी जिल्ह्याला जाणं म्हणजे काय असतं हे तुम्हाला सांगायला नको, सवलतीच्या गुणांचा हिशोब आपणच भरून देतो. त्या दिवसापासून मी दोन सवयी लावून घेतल्या, त्या पुढे येतीलच.

पहिली गोष्ट, कुठे बघायचं. एका माणसाला हात, तोंड, बाजूची रेषा आणि मध्यरेषा एकाच वेळी दिसत नाही. म्हणूनच कबड्डीत दोन पंच दोन बाजूंना असतात आणि वर सरपंच. साधारणपणे मैदानावरच्या पंचांचा निर्णय अंतिम असतो. दोन पंचांचं जुळलं नाही, तर सरपंच निर्णय देतात. शालेय सामन्यांत होतं काय, की दोन्ही पंच एकाच गोष्टीकडे बघतात, म्हणजे गर्दीकडे. सामन्याआधी एक मिनिट बोलून घ्या. ज्याच्या बाजूला झटापट झाली त्याने हात आणि मान बघायची. पलीकडच्याने चढाईपटूचा पुढे जाणारा भाग, मध्यरेषा आणि बाहेर गेलेले पाय बघायचे. आणि दोघांनीही कान दमाकडे ठेवायचा.

इथे कान महत्त्वाचा आहे. दूरदर्शनवर मोठे सामने बघून मुलांना वाटतं की दम ही आता नावापुरती गोष्ट राहिली, घड्याळ तीस सेकंद मोजतंच आहे. शालेय मैदानावर तसं नाही. 'कबड्डी' हा शब्द एका श्वासात, स्पष्ट, ऐकू येईल असा म्हणायचाच असतो. पकडीत सापडलेल्या मुलाचा दम सुटला तर तो बाद. मग तो रेषेपासून चार बोटं लांब असो. पण तुम्ही त्या आवाजाचा शेवट ऐका. श्वास संपून दम जातो तेव्हा आवाज हळूहळू बारीक होतो, ओढला जातो. गळ्यावर किंवा तोंडावर हात येतो तेव्हा तो शब्दाच्या मध्येच, 'कब्' वर तुटतो. मला हे कोणी शिकवलं नाही, त्या सामन्यानंतर मुद्दाम कान देऊन ऐकत गेलो. शंभर टक्के पुरावा नव्हे, पण आवाज असा तुटला की डोळे ताबडतोब मानेकडे न्यावेत, एवढं त्यातून नक्की कळतं.

दुसरी गोष्ट 'मुद्दाम' या शब्दाची. नियमात तो शब्द आहे आणि सगळी भांडणं तिथेच होतात. कमरेला झेप घेणाऱ्या मुलाच्या हातात जर्सीही येते. मुलींच्या सामन्यात वेणी मध्ये येते. झटापटीत कोणाचा तरी हात कोणाच्या तरी मानेवर पडतोच. प्रत्येक वेळी शिट्टी मारली तर खेळच होणार नाही. मग मुद्दाम कसं ओळखायचं? मनात शिरता येत नाही, हात मात्र दिसतो. मी बघतो की हात पडला आणि सरकला, की पडला आणि मिटला. मानेवर आलेला हात खांद्याकडे किंवा छातीकडे घसरत गेला, तर तो मुलगा पकड शोधत होता. तोच हात मानेभोवती मिटला आणि ओढू लागला, तर ती मानेची पकड झाली. जर्सीचंही तसंच. मुठीत कापडाबरोबर अंगही आहे का? नुसतं कापड ताणलं जातंय, मुलगा पुढे आणि शर्ट मागे, असं दिसलं तर तिथे निर्णयाला दुसरी बाजू नाही.

आपल्या भागात मानेचा प्रश्न जास्त येतो, त्याला एक कारण आहे असं मला वाटतं. इथे कुस्ती घराघरात आहे. यात्रा म्हटली की कुस्त्यांचा हगामा आलाच. साईसच्चरितातसुद्धा बाबांची आणि मोहिद्दीन तांबोळ्याची कुस्ती सांगितली आहे. तालमीत जाणारं पोरगं समोरच्याच्या मानेवर हात टाकून त्याला झुकवायला शिकतं, तिथे ते योग्यच आहे. तेच पोरगं कबड्डीला उभं राहिलं की हात आपोआप मानेवर जातो. त्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याला चूक दिल्यावर ते खरोखर गोंधळून बघतं. अशा वेळी निर्णय द्याच, पण शिट्टीनंतर एका वाक्यात कारण सांगा : "मान नाही, खांदा धर." पुढच्या चढाईला फरक दिसतो. आणि क्रीडाशिक्षकांना विनंती, संघात तालमीतली मुलं असतील तर सरावात हे आधी मोडा, सामन्यात मोडायला वेळ नसतो.

घोट्याच्या पकडीबद्दल पालक फार घाबरतात. कोपऱ्यातला मुलगा झेपावून चढाईपटूचा घोटा धरतो, ही कायदेशीर आणि कबड्डीतली सगळ्यात देखणी पकड. धोका पुढे असतो : घोटा हातात आहे, चढाईपटू पोटावर पडलेला आहे, आणि धरणारा पाय पिळतो. किंवा दुसरा येऊन गुडघ्यावर वजन टाकतो. किंवा खाली पडलेला बचावपटू आपल्या दोन पायांत त्याचा पाय अडकवून कैची करतो. धरणं संपून पिळणं सुरू झालं की वाट बघू नका. चौदा वर्षांखालच्या मुलाचं हाड आणि सांधा वाढीचा असतो, दूरदर्शनवरच्या खेळाडूचा नसतो. मी इथे नियमाच्या अक्षरापेक्षा थोडा लवकर शिट्टी मारतो हे कबूल करतो. त्याबद्दल कोणी नावं ठेवली तर ठेवू देत.

मग शिट्टी कधी मारायची? ही तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात अवघड गोष्ट. पकडीत येणं आणि पकड पूर्ण होणं वेगळं. चार जणांनी धरलेला मुलगाही, दम चालू असेल आणि मध्यरेषेच्या पलीकडच्या जमिनीला त्याच्या शरीराचा कुठलाही भाग, अगदी बोटाचं टोक, लागलं, तर सुरक्षित असतो. आणि त्या झटापटीत त्याच्या अंगाला लागलेले चौघेही बाद. आता गुण मोजा. पकड यशस्वी मानली तर बचावाच्या संघाला एक. सुटला मानलं तर चढाईच्या संघाला चार. म्हणजे एका निर्णयात पाच गुणांचा फरक. मैदानात तेवढेच चौघे उरले असतील, तर वर लोणाचे दोन आणखी. अशा ठिकाणी घाईची शिट्टी म्हणजे सामना आपणच ठरवून टाकणं.

म्हणून मी बघतो की चढाईपटू अजून पुढे सरकतोय का. इंचाइंचाने का होईना, रेषेकडे जात असेल, दम ऐकू येत असेल आणि पकड कायदेशीर जागी असेल, तर थांबा. हालचाल पूर्ण थांबली, सगळ्या बाजूंनी घट्ट धरलं गेलंय आणि वर आणखी मुलं पडू लागली, तर पकड झाली, वाजवा. प्रेक्षक तर तिसऱ्या मुलाने हात लावला की 'बाद, बाद' सुरू करतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. (प्रेक्षकांत आपले मुख्याध्यापक असले तरी.)

रेषेचं एक व्यावहारिक दुखणं सांगतो. आपली मैदानं मातीची. पावसात फक्कीच्या रेषा दोन सामन्यांत पुसतात आणि झटापट नेमकी मध्यरेषेवर झाली की ती उरतच नाही. मग बोट पलीकडे लागलं की नाही हे कशावरून सांगणार? प्रत्येक सामन्याआधी आणि मध्यंतराला रेषा पुन्हा मारून घ्या. मध्यरेषेच्या दोन्ही टोकांना मैदानाबाहेर खूण ठेवली की मधली रेषा पुसली तरी नजरेने ओळ धरता येते. याला खर्च शून्य आहे.

बाजूच्या रेषेचं गणित वेगळं आहे. दोन्ही बाजूंना एकेक मीटरचं राखीव क्षेत्र असतं, ते स्पर्श किंवा झटापट झाल्यावरच खेळात येतं. झटापटीत एखाद्याचा पाय बाहेर गेला म्हणून लगेच बाद देऊ नका. शरीराचा कुठलाही भाग आतल्या जमिनीला टेकलेला असेल, तर झटापट चालू असताना तो बाद होत नाही. झटापट नसताना मात्र पाय बाहेर गेला की बाद. हा फरक लक्षात न राहिल्याने मी चांगले अनुभवी पंच अडखळताना पाहिलेत.

आणि ढकलणं. इथे पुस्तक आणि पडदा यांत अंतर पडलेलं आहे. पुस्तक म्हणतं, मुद्दाम बाहेर ढकललं तर चढाईपटू बाद नाही. दूरदर्शनवर मुलं रोज बघतात की बचावपटू खांद्याने जोरदार धडक देतो, चढाईपटू बाहेर जातो आणि समालोचक वाहवा करतो. मुलांच्या दृष्टीने तेही नियमच. माझा कल असा : अंगाने अंगाला भिडून, रोखून, रेटत नेलं तर तो बचावाचा प्रकार. दोन्ही हात लांब करून पाठीवर धक्का दिला तर ढकलणं. पण माझा कल काय याला किंमत नाही. सामन्याआधी दोन्ही पंच, सरपंच आणि दोन्ही संघांचे मार्गदर्शक यांनी हे बोलून घेतलं पाहिजे.

बोलून न घेतल्यावर काय होतं ते साऱ्या जगाने पाहिलं आहे. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ, आशियाई खेळांतला पुरुषांचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. आपल्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार त्या भारतीय संघात होता. दोन्हीकडे २८ गुण आणि शेवटची मिनिटं. पवन सेहरावत 'करो या मरो' चढाईत कोणालाही स्पर्श न होता राखीव क्षेत्रात गेला, त्याच्यामागे इराणचे बचावपटू गेले. जुन्या नियमाने मोजायचं की नव्या? निर्णय बदलला, परत बदलला, खेळाडू मैदानात बसले, सामना जवळपास तासभर थांबला. शेवटी भारताने ३३-२९ असा जिंकला. आशियातले निवडक पंच, कॅमेरे, सगळं असताना ही वेळ आली. आपल्याकडे तर फक्त शिट्टी आणि फक्की आहे. तो वाद पकडीचा नव्हता, हे खरं. पण कुठला नियम लागू हे आधी ठरलं नसलं की चांगला पंचही उघडा पडतो.

यानंतर मार्च २०२४ मध्ये नगरला वाडिया पार्कवर पुरुषांची ७० वी वरिष्ठ गट राष्ट्रीय स्पर्धा झाली. इतक्या जवळ अशी स्पर्धा रोज येत नाही. पण पुन्हा कधी आली, तर मुलांना खेळाडू बघायला न्या आणि तुम्ही स्वतः एक पूर्ण सामना फक्त पंच बघा. चढाई सुरू झाल्यावर ते कसे सरकतात, झटापट झाल्यावर किती जवळ जातात, हात वर करण्याआधी समोरच्या पंचाकडे कसे बघतात. माझ्या दोन सवयींपैकी एक हीच : शिट्टी मारली तरी हात लगेच वर करायचा नाही, आधी पलीकडच्या पंचाच्या डोळ्यांत बघायचं. एक सेकंद जातो. त्याने मान हलवली तर जवळ जाऊन विचारायचं, सगळ्यांसमोर. विचारल्याने आपली पत जाते असं पूर्वी मला वाटायचं.

पालकांसाठी थोडं. तुम्ही मोबाईलवर चित्रण करता, मुलासाठी जरूर करा. पण सामन्यानंतर तो मोबाईल घेऊन पंचांकडे येऊ नका. तुमचा कॅमेरा एका कोनात असतो, नेमका त्या कोनातून मागच्या मुलाचं कोपर दिसत नाही. माझ्या डोळ्यांनाही दिसलं नव्हतं. तक्रार करायची असेल तर ती संघाच्या मार्गदर्शकांमार्फत. पंचांशी सतत हुज्जत घातली तर ती खेळाडूच्या नावावर चूक म्हणून लागते : हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. तुमच्या बाहेरून ओरडण्याने पोरगं भडकतं आणि कार्ड त्याला मिळतं.

एक मात्र तुम्ही नक्की करू शकता. मूल घरी येऊन म्हणालं, "मला चुकीचं बाद दिलं", तर आधी विचारा, "तुला कुठे धरलं होतं?" मूल जमिनीवर झोपून दाखवेल. त्या दाखवण्यात तुम्हाला नियमही कळेल आणि मानेला, घोट्याला काही झालंय का तेही. मान दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील तर चोळत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

आता दुसरी सवय. सामन्याआधी मी दोन्ही संघांना रांगेत उभं करून हात पुढे करायला लावतो. नखं कापलेली हवीत, अंगाला तेल नको, कानात-गळ्यात-मनगटात धातूचं काही नको, हे सगळं नियमातच आहे, पण तालुक्याला फार थोडे पंच तपासतात. तेल लावलेल्या अंगावर हात घसरतो आणि घसरलेला हात मानेला किंवा कपड्याला जाऊन अडकतो. निम्म्या वादग्रस्त पकडी इथेच कमी होतात असा माझा अनुभव. मुलींना वेणी घट्ट बांधून आत खोचायला सांगतो. मग सगळ्यांसमोर स्वतःच्या अंगावर हात ठेवून दाखवतो : "इथून इथपर्यंत धरायचं. इथे नाही, इथे नाही." मुलं हसतात. हसू देत. नाणेफेकीला अजून दोन मिनिटं असतात, तेवढ्यात कोपऱ्यातली फक्की पुन्हा एकदा मारून होते.